घरच्या घरी सायकल दुरुस्तीचा कोपरा : नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत तीन सायकलींची कामं होतात: माझी गिअरची, मुलीची वीस इंची आणि वडिलांची काळी अठ्ठावीस इंची. रविवारी त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाकडे सोबत येणारे मित्र, शेजारी, मुलीच्या मैत्रिणींचे पालक तेच तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची सविस्तर उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

चौकात सायकलवाला असताना घरी हा खटाटोप कशाला?

सायकलवाला हवाच, त्याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण सायकलीची बरीचशी दुखणी पाच मिनिटांची असतात. चेनला तेल, ब्रेकची सैल झालेली केबल, हवा, एखादा ढिला नट. एवढ्यासाठी कोणी दुकान गाठत नाही. मग तीच दुखणी वाढत जातात आणि एक दिवस पुरत्या ‘ओव्हरऑइलिंग’ची, म्हणजे सायकल सगळी उघडून साफ करून पुन्हा जोडण्याची, वेळ येते. घरातला कोपरा या पाच मिनिटांच्या कामांसाठी असतो. म्हणून माझी त्याच्याबद्दल एकच अट आहे: मनात आल्यापासून दोन मिनिटांच्या आत हातात पाना यायला हवा. पलंगाखालची बॅग ओढा, सामान उपसा, दिवा शोधा, असं करावं लागलं तर महागडी हत्यारंही पडूनच राहतात.

फ्लॅटमध्ये किती जागा पुरते?

मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेसहा ते सहा फूट लांब असते आणि हँडल दोन फुटांच्या आसपास. भिंतीला समांतर उभी केली, तर पुढे एका माणसाला उकिडवं बसता येईल एवढी जागा धरून सहा फूट बाय साडेचार फूट पुरतं. उजवी बाजू, म्हणजे चेनची बाजू, आपल्याकडे ठेवा, कारण बहुतेक कामं तिथेच असतात. जागा कायम अडवायची गरज नाही. सायकल काढली की कपडे वाळत घालायला गॅलरी मोकळी होते, आमच्याकडे तसंच चालतं. अडवायची ती फक्त भिंत.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅलरीत जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट आत येते. तिथे हत्यारं टांगू नका. सायकलीचं काम गॅलरीत करा आणि हत्यारांची फळी दाराच्या आतल्या भिंतीवर लावा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं तर?

चालतं, फक्त आधी सेक्रेटरींशी बोलून घ्या. हरकत सहसा जागेवर नसते, फरशीवर पडणाऱ्या काळ्या डागांवर असते. खाली जाड पुठ्ठा किंवा जुनं पोतं अंथरा आणि काम झाल्यावर ते उचलून न्या. हत्यारं मात्र वर घरातच ठेवावीत. त्यासाठी भाजीबाजारातला टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट उत्तम: मजबूत, धरायला सोपा आणि तळाला भोकं असल्यामुळे पाणी साचत नाही.

स्टँड नाही, मग सायकल उंचावर कशी धरायची?

आपल्या कित्येक घरांत याचं उत्तर छतालाच असतं. झोपाळ्याच्या कड्या! चार माणसं बसतील एवढं वजन पेलायला त्या बसवलेल्या असतात. काळी अठ्ठावीस इंची सायकल जड, पण तीही वीस किलोच्या आसपासच. झोपाळा काढून दोन कड्यांना दोन नायलॉनचे दोर बांधा, टोकांना लोखंडी आकडे लावा आणि आकड्यांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, म्हणजे रंग खरवडला जात नाही. एक आकडा सीटच्या पुढच्या निमुळत्या भागाखाली, दुसरा हँडलच्या मधोमध. ब्रेकच्या केबल दोरात अडकणार नाहीत हे पाहा. सायकल झुलते, म्हणून पुढचं चाक गॅलरीच्या ग्रिलला एका पट्ट्याने बांधून टाका.

क्रँक (ज्याला पेडल बसतं तो दांडा) तुमच्या बेंबीच्या पातळीला येईल इतकी उंची ठेवा. एवढ्या एका गोष्टीने कामात किती फरक पडतो, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. वाकून काम करताना कंबर दुखते, मग माणूस घाई करतो आणि घाईत नटाचे आटे जातात.

पीओपीच्या खोट्या छताला लावलेल्या हुकावर कधीही विसंबू नका. भाड्याच्या घरात कड्या नसतील तर सायकल उलटी करून, सीट आणि हँडल पोत्यावर टेकवून पंक्चर काढता येतं, चेनला तेल देता येतं. गिअर लावणं त्या अवस्थेत जमतं, पण अवघड जातं.

विकतचा दुरुस्ती स्टँड घ्यावा का?

महिन्यातून दोन-तीनदा सायकलीवर काम होत असेल तर जरूर घ्या. चिमटा नेहमी सीटच्या दांड्याला लावा, फ्रेमच्या नळीला नाही. फ्रेमच्या पातळ नळीला चेप बसतो, आणि कार्बनची फ्रेम आतून तडकली तर बाहेरून दिसतही नाही. सीटचा दांडाच कार्बनचा असेल तर घरात एखादा जुना लोखंडी दांडा ठेवा आणि कामापुरता तो बसवा.

सुरुवातीला कोणती हत्यारं घेऊ?

मोठा तयार सेट घेऊ नका. त्यातल्या अर्ध्या वस्तू तुमच्या सायकलीला लागत नाहीत आणि लागणाऱ्या वस्तूंचं लोखंड बरेचदा मऊ निघतं. आधी सायकलीसमोर बसा आणि प्रत्येक नट-बोल्ट पाहून काय काय लागेल ते कागदावर लिहा.

गिअरच्या सायकलीला बहुतेक ठिकाणी ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाच्या चाव्या, लागतात: २, २.५, ३, ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटर. ४, ५ आणि ६ रोजच्या वापरातल्या, त्या चांगल्या पोलादाच्याच घ्या. पेडलसाठी १५ मिलिमीटरचा चपटा पाना लागतो. चाकाचा एक्सल नटाचा असेल तर त्यालाही अनेकदा १५ चाच बसतो. डिस्क ब्रेकच्या थाळीला बहुधा चांदणीच्या आकाराचा टी-२५ लागतो. शिवाय चौफुली टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, रिमवरून टायर उचलायचे प्लास्टिकचे टायर लिव्हर, केबल कापायची धारदार कात्री आणि चेन तोडायचं हत्यार. केबल साध्या पक्कडीने कापली की तिचे तंतू फिसकारतात आणि पुन्हा नळीत जात नाहीत.

काळ्या सायकलीचा हिशोब वेगळा. तिथे क्रँक आसाला पक्का धरणारी कॉटर पिन असते, ती काढायला हातोडी आणि मध्ये धरायला लाकडाचा ठोकळा लागतो. काही नटांवर मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. तिथे अनेक भोकांचा तो जुना चपटा सायकल पानाच कामाला येतो. वडिलांकडचा तो पाना माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि अजून एकदाही निसटलेला नाही.

साधे पाने, ॲलन की, हातोडी अशी हत्यारं सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत चांगल्या दर्जाची मिळतात. तिथलं गिऱ्हाईक कारखान्यातलं असतं, त्यामुळे माल टिकाऊ ठेवावा लागतो. फ्रीव्हीलचा (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकतीचा) पुलर किंवा चेनचं हत्यार अशा खास वस्तू सायकलीच्या दुकानातून घ्या. त्या घेताना जुना भाग किंवा निदान त्याचा फोटो सोबत न्या.

पेडल निघता निघत नाही. काय चुकतंय?

बहुधा दिशा. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. मी पहिल्यांदा डावं पेडल काढायला बसलो तेव्हा पान्यावर नळी चढवून पूर्ण ताकद लावली आणि क्रँकचे आटे घालवले. नवा क्रँक घ्यावा लागला. तेव्हापासून एक खूण पक्की केली आहे: पाना पेडलापासून सरळ वर उभा राहील असा लावा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. या दिशेने दोन्ही पेडलं सुटतात. बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी झगडावं लागत नाही.

क्रँक ज्यावर फिरतात त्या तळाच्या बेअरिंगलाही हीच गोष्ट लागू आहे. नेहमीच्या आट्यांच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो.

पंक्चरसाठी वेगळी मांडणी लागते का?

एक घमेलं, पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच आणि जुना सुती मोजा. धरणाकडच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे इतके असतात की हे सामान एकाच डब्यात हाताशी असावं.

लोक चुकतात ते घाईने. ट्यूब घासून पूर्ण कोरडी करा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि थांबा. बोट लावल्यावर ओलं न लागता नुसतं चिकट लागलं पाहिजे. त्याला पाच मिनिटं लागतात, पावसाळी हवेत जास्त. ओल्या सोल्यूशनवर दाबलेला पॅच दोन दिवसांत सुटतो. ट्यूब परत घालण्यापूर्वी हातात मोजा चढवून टायर आतून सगळीकडे फिरवून पाहा. काटा आत राहिलेला असेल तर मोज्याचा धागा त्यात अडकतो. हे केलं नाही तर तोच काटा दुसऱ्या दिवशी शेजारीच दुसरं भोक पाडतो. पंक्चर ‘परत’ झालं असं लोक म्हणतात, ते बहुतेक वेळा यामुळेच.

पंप कोणता? कंप्रेसर घ्यावा का?

कंप्रेसर नको. मीटर असलेला, पायाने दाबून धरायचा उभा पंप घ्या. व्हॉल्व्ह तीन प्रकारचे असतात: काळ्या सायकलीचा वाल ट्यूबवाला (आत बारीक रबरी नळी चढवलेला), मोटरसायकलसारखा जाड आणि रोड बाइकचा बारीक. घरातल्या सगळ्या सायकलींना चालेल असं तोंड पंपाला आहे का, ते दुकानातच पाहा. वाल ट्यूबच्या रबराचा वीतभर तुकडा खिळ्याला अडकवून ठेवा. व्हॉल्व्हवरचं हे रबर तडकलं की चांगल्या ट्यूबमधूनही हवा जाते.

हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तिथपर्यंत रोज भरायची गरज नसते.

चेन धुवायला रॉकेल मिळत नाही. पेट्रोल वापरू का?

नाही. अजिबात नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि ठिणगी कुठेही मिळाली तरी पेटते. गॅलरीला लागून स्वयंपाकघर असतं, देवघरात निरांजन तेवत असतं. या एका बाबतीत मी कोणाशीही तडजोड करत नाही.

भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी बरीचशी घाण निघते. फार जुना थर असेल तर डिग्रीझर (तेलकट थर काढणारा द्रव) किंवा थोडं डिझेल वापरा, तेही दारं-खिडक्या उघडून आणि आगीपासून लांब. काळं झालेलं डिझेल बाटलीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. तो गाळ लाकडाच्या भुशात किंवा रद्दीत जिरवा. मोरीत ओतू नका. आमच्या भागातलं सांडपाणी शेवटी नासर्डीकडे वळतं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. रामकुंडावर हात जोडायचे आणि घरून तेल सोडायचं, हे मला पटत नाही.

धुतल्यावर चेन पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर तेल घातलं की पाणी आतच कोंडतं.

तेल कोणतं? खोबरेल चालतं का?

खोबरेल नको. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि नाशिकच्या डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल कसं पांढरं होतं ते आपण रोज पाहतो. चेनच्या कड्यांतही तेच होतं. गाडीचं जाड इंजिन ऑइल धूळ धरतं, चार दिवसांत त्याची काळी लापशी होते. शिलाई मशीनचं तेल कोरड्या हवेत बरं आहे, पण त्र्यंबकच्या पावसात एका फेरीत धुऊन जातं.

सायकलीच्या दुकानात चेनसाठी दोन प्रकारची तेलं मिळतात, कोरड्या हवेसाठी पातळ आणि पावसासाठी जाडसर. दोन्हींची छोटी बाटली ठेवा. प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब टाका, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसा. तेल आत हवं. बाहेरून चमकणारी चेन धूळच गोळा करते.

गंज सोडवणारा स्प्रे हे चेनचं तेल नाही. गंजलेला नट सुटायला तो छान, पण चेनवर मारला तर आतलं तेल पातळ करून टाकतो.

चेन बदलायची वेळ झाली हे घरी कसं ओळखायचं?

पोलादी फूटपट्टीने. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्यांचे बरोबर १२ इंच. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि चोविसाव्या कडीनंतरची पिन कुठे येते ते पाहा. ती बारा इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर बहुधा मागचे दातेही झिजलेले असतात आणि खर्च वाढतो. ही पट्टी मी फळीवर सगळ्यात वर टांगली आहे.

उजेडाचं काय करायचं?

छताच्या मधोमध असलेली ट्यूब बहुतेक वेळा आपल्या पाठीमागे येते आणि आपलीच सावली कामावर पडते. सायकलीच्या पुढच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडी वर, चार फुटी एलईडी पट्टी लावा. गिअरच्या आत डोकवायला कपाळावर बांधायचा छोटा टॉर्च घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात.

छोटे भाग हरवतात. उपाय?

मिसळणाचा जुना डबा. सात वाट्या, एक झाकण. भाग ज्या क्रमाने काढाल त्या क्रमाने वाट्यांत ठेवा आणि उलट क्रमाने बसवा. छर्रे असतील तर वाटीत आधी थोडं ग्रीस लावा, ते जागेवर चिकटून राहतात. छर्ऱ्यांचे आकार एकमेकांत मिसळू देऊ नका. साध्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) पुढे सहसा तीन सोळांश इंचाचे, दर बाजूला दहा असतात, मागे पाव इंचाचे, दर बाजूला नऊ. उघडताना मोजून कागदावर लिहा. हब किंवा हँडलचं बेअरिंग उघडण्यापूर्वी खाली पांढरी चादर अंथरा, काळ्या फरशीवर छर्रा सापडत नाही. आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा.

रिमचा आउट, म्हणजे डावी-उजवीकडचा वाकडेपणा, घरी काढता येतो का?

थोडा असेल तर येतो. सायकल टांगलेली असताना फोर्कला (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला) केबल टाय बांधा आणि त्याचं टोक रिमला जेमतेम लागेल असं कापा. चाक फिरवलं की रिम कुठे घासते ते ऐकू येतं. रिम डावीकडे गेली असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा कसा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तारेच्या नटाला अचूक बसणारी चावी हवी, सैल चावीने त्याचे कोपरे गोल होतात.

रिमला खड्ड्याचा चेप असेल किंवा तारा तुटल्या असतील तर थांबा आणि चाक कारागिराकडे न्या.

डिस्क ब्रेकच्या सायकलीला काही वेगळं लागतं?

सावधगिरी. तेलाचा एक तुषार थाळीवर किंवा पॅडवर गेला तरी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. चेनला तेल देताना थाळीवर प्लास्टिकची पिशवी बांधा. थाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला, कोणी चुकून लिव्हर दाबला तर पॅड जुळून बसतात. तेलावर चालणारा ब्रेक असेल तर त्यात कोणतं तेल जातं ते लिव्हरवर वाचा. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं, इतर काहींमध्ये डॉट फ्लुइड (गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतं तसं). एकात दुसरं गेलं की आतले रबरी भाग खराब होतात.

मग सायकलवाल्याकडे काय न्यायचं?

फ्रेमची तड, हँडलच्या खालच्या कपांची बदली, पूर्ण नवं चाक बांधणं, गंजून अडकलेला सीटचा दांडा. यांना ताकद आणि सराव लागतो, शिवाय कधी कधी वर्षातून एकदाच वापरायचं महाग हत्यार. आमच्या चौकातल्या काकांकडे मी आजही जातो आणि ते काम करताना शेजारी उभा राहून बघतो. बेअरिंग किती घट्ट करायचं हे त्यांचा हात पाहूनच मला कळलं. घरी थोडं काम येत असलं की दुकानात दुखणं नेमक्या शब्दांत सांगता येतं, आणि कारागिरालाही तसं गिऱ्हाईक आवडतं.

मुलांना सोबत घ्यावं का?

जरूर. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, हवा तपासणं आणि चेन पुसणं ही तिची कामं. नियम एकच: कोणाचं बोट चेनजवळ असताना दुसऱ्याने पेडलाला हात लावायचा नाही. केबल कापताना दोघांच्या डोळ्यांवर चष्मा.

पावसाळ्यात हत्यारं गंजतात.

काम झाल्यावर तेलाच्या फडक्याने एकदा पुसून टांगा. बंद प्लास्टिकच्या डब्यात ओलं हत्यार ठेवणं सगळ्यात वाईट. तेलकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गॅस आणि देवघरापासून दूर ठेवा.

लांबच्या राइडची तयारी या कोपऱ्यात किती दिवस आधी सुरू करू?

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली, तेव्हापासून माझ्या ओळखीतले कितीतरी जण लांब पल्ल्याकडे वळले. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनच्या पंढरपूर सायकल वारीलाही ओळखीचे बरेच असतात. त्यांना मी सांगतो, दहा दिवस आधी. नवी चेन, नवे टायर, नव्या केबल, जे काही बदलायचं ते तेव्हाच. नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत थोडी सैलावते आणि गिअर पुन्हा लावावे लागतात. मधल्या रविवारी त्र्यंबकला जाऊन या, घरी आल्यावर सायकल टांगा आणि प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहा. निघायच्या आदल्या रात्री फक्त हवा भरायची आणि चेन पुसायची, त्या रात्री एकही भाग उघडायचा नाही.